सुपडूभाऊंची सही

हातात कागद पडला की सुपडूभाऊ चष्मा शोधत नसत, मला शोधत. उधन्याच्या वसाहतीत आमची भिंतीला भिंत. ते कापडाच्या लूमवर कामाला, सही गिरवायला शिकलेले, वाचायला नाही. मी चौथी पास. "वाच ना व ताई," म्हणत. वाचलं की, "आखो एकदा." तिसऱ्यांदा ऐकल्यावर कुठं सही. मला कंटाळा यायचा आणि तो मी तोंडावर सांगायची.

वसाहत पाडून टॉवर बांधायला बिल्डरला आमची संमती हवी होती. नवं घर कधी मिळणार हे कागदावर कुठंच नव्हतं, म्हणून आम्ही दिली नाही. मग नळ बंद झाला. गटार तुंबलं ते तुंबलंच. बिल्डरचा माणूस हसून गुजरातीत विचारी, "काका, हजी केटला दिवस?" अजून किती दिवस टिकाल, असं.

सुपडूभाऊ म्हणत, "मन्हा जनम लूमना खडखडाटमा गया भाऊ. तुन्हा गटारना वासले कोण घाबरस?"

श्रावणात आमची देवी कानबाई बसली. मांडव बिल्डरच्या त्याच माणसानं घालून दिला आणि कपाळाला कुंकू लावून वही घेऊन आला. देवीच्या सेवेकऱ्यांची नावं लिहायची म्हणाला. पहिल्या पानावर कानबाईचं नाव, पुढची पानं कोरी. मी नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळत होते, लांबूनच नाव वाचलं. सुपडूभाऊंनी चपला काढल्या, वहीला हात लावून कपाळाला लावला.

"कानबाईना कागद से व. तिन्हावर काय संशय लेवाना?"

पहिली सही त्यांची. ते पारखून सही करतात हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मागोमाग सगळ्यांनी केल्या. पिठाच्या हातानं मीही केली.

आमच्या सह्यांची ती कोरी पानं पुढं बिल्डरच्या संमतीपत्राला जोडलेली निघाली. आम्ही पालिकेच्या ऑफिसात गेलो. साहेबानं विचारलं, "सही तुमचीच ना?"

"मन्हीच से," सुपडूभाऊ म्हणाले. खोटं बोलता येईना.

"फसवून घेतली," मी ओरडले.

"बेन, सही तो छे ने?" साहेबानं फाईल मिटली.

घरं पाडायच्या आदल्या दिवशी इच्छापोरच्या भाड्याच्या खोलीचा करार घेऊन सुपडूभाऊ माझ्याकडे आले. मी वाचला. दर अकरा महिन्यांनी खोली सोडायला लावता येईल, असं त्यात होतं. त्यांनी पेन काढलं.

"आखो वाचू?" मीच विचारलं.

"कशाले व?" म्हणाले, आणि सही केली.