मंडप तेवढा वाचला

फोन आला तेव्हा मी अंबडच्या बसस्थानकात बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत उत्तमसाठी घेतलेले मऊ सुती सदरे. खोकून खोकून त्याला घाम फुटायचा, जाडं कापड अंगाला सोसत नव्हतं, म्हणून मी सकाळच्या गाडीनं माझ्या घरी येऊन ते घेऊन परत निघाले होते. फोन आमच्या गावच्या सरपंचांचा होता. "आक्का, सर गेले," ते म्हणाले. आणि त्याच दमात पुढं म्हणाले, "फोटूची काळजी करू नका. सत्काराचा हाय आपल्याकडं, शाल घातलेला. बॅनर टाकायला सांगून राह्यलो." मी फोन बंद केला. गावाकडं जाणारी तीर्थपुरीची गाडी समोर लागली, भरली आणि निघूनही गेली. मी जागची हलले नाही. आता महिना उलटून गेला, पण तो बॅनर अजून फाट्यावर आहे. शाल पांघरून माझा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून हसतो आहे...

उत्तम माझा धाकटा भाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायची पद्धत आहे, पण मला ते जमणार नाही. उत्तम हट्टी होता आणि कौतुकाचा भुकेला होता. लहानपणी आई रोजानं जायची तेव्हा हा पोरगा काचेच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती वाऱ्यावर टांगून ठेवायचा आणि आई आली की तिच्या हातात द्यायचा. आईनं घोट घेतला की लगेच, "गार लागलं ना? सांग ना, लागलं ना?" आई दमलेली असायची, हूं म्हणायची. तेवढ्या हूंवर याचा दिवस जायचा. फडकं ओलं असलं की वारा त्यातलं पाणी पितो आणि गार होतो, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यभर पुरली.

आमच्या वस्तीत माणूस गेलं की राख नदीला नेत नाहीत. गावाच्या पश्चिमेला माळ आहे, तिथं खड्डा घ्यायचा, राख त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. आई-बाप तिथंच आहेत. उत्तमची बायको कांता गेली तेव्हा त्यानं तिच्यावर कडुलिंब लावला आणि डोक्यावरून पाणी वाहून जगवला. पण तो माळ म्हणजे कुसळी गवताचा. एप्रिल लागला की पश्चिमेच्या झळा सुरू होतात आणि गवत असं वाळतं की हातात चुरा व्हावा. कुणी बांध पेटवतो, कुणी बिडी टाकतो, आणि दरवर्षी वणवा येऊन दोन-चार माणसं पुन्हा जाळून जातो. मी मुद्दाम माणसं म्हणते. आम्ही त्यांना झाडं म्हणत नव्हतो.

कांताच्या लिंबाला एका वर्षी झळ लागली आणि उत्तम पिसाटला. आमच्याकडं मिरचीच्या बियाण्यासाठी शेडनेट असतात, त्यांत पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर लावतात. एकानं आपलं शेडनेट मोडलं, त्याचे सगळे फॉगर यानं मागून आणले. वस्तीच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे खारं पाणी गटारात जायचं, ते टाकीत वळवलं. माळाच्या पश्चिम कडेला बल्ल्या रोवून गोणपाटाचे पडदे बांधले, वरून फॉगरची ओळ सोडली. येणारा वारा या ओल्या पडद्यातून गाळून आत येणार, गार आणि दमट होऊन, म्हणजे गवत कडक वाळणार नाही, ठिणगी पडली तरी धरणार नाही. खाऱ्या पाण्यानं फॉगरच्या तोट्या सारख्या बुजायच्या. रोज संध्याकाळी हा ओट्यावर वाडग्यात लिंबू पिळलेलं पाणी घेऊन, त्यात त्या भिजवून, टाचणीनं एकेक कोरत बसायचा. गाव हसलं. सर वाऱ्याला आंघोळ घालून राह्यले, म्हणायचे. हा मनाला लावून घ्यायचा, माझ्याजवळ रडायचासुद्धा, पण तोट्या कोरायचं काही सोडलं नाही.

आणि वणवा आला नाही. त्या उन्हाळ्यात नाही, पुढच्या उन्हाळ्यातही नाही. पडद्याच्या बाहेर, रस्त्याकडं, गवत पिवळंजर्द आणि आत पायाला मऊ लागायचं. मग हसणारेच दुपारी तिथं खाट टाकून झोपायला लागले. बाया शेंगा फोडायला येऊन बसायच्या. आणि सरपंचांच्या मनात आलं की सरांचा सत्कार करावा, तालुक्यातून मोठा पाहुणा आणावा, कार्यक्रम त्याच झाडांत घ्यावा.

इथं माझं डोकं अजून फिरतं. पाहुण्याला ऊन लागू नये म्हणून सत्काराच्या सकाळी पोरांनी पश्चिमेचे पडदे सोडले आणि मंडपाला बांधले. फॉगरची ओळ काढली आणि स्टेजवर लावली. ज्याच्यासाठी सत्कार, तीच वस्तू काढून पाहुण्याला वारा घालायला! मी उत्तमला बाजूला घेतलं, म्हटलं, तुझी अक्कल कुठं गेली, काढू देऊ नकोस. तो स्वतः इस्त्री केलेल्या पांढऱ्या शर्टात उभा होता, आईच्या हातात बाटली देताना असायचा तसा चेहरा. म्हणाला, "घटकाभराचा प्रश्न हाय, आक्का. सगळं गाव माझ्यासाठी जमलंय. आज न्हाई कसं म्हणू?"

पाहुणा घटकाभरात कशाला येतोय. भर दुपारी आला, वारा सुटल्यावर. त्याच्या गाड्या रस्त्यावर दिसल्याबरोबर स्वागताला फटाक्यांची लड लावली. रस्ता पश्चिमेला, त्याला लागून गवत, आणि सकाळपासून त्या गवतात आणि झाडांत काहीच आड नव्हतं. उत्तमच्या खांद्यावर शाल पडली, फोटो निघाला, टाळ्या चालू होत्या, तेवढ्यात मागून धूर आला. आधी सगळ्यांना वाटलं फटाक्यांचाच. मग जाळ दिसला. पाहुण्याची गाडी सगळ्यात आधी निघाली. माणसं शाळेकडं पळाली, मलाही कुणी तरी दंडाला धरून ओढत नेलं. उत्तम उलटा पळाला. टाकीत शाल बुडवून तो कांताच्या लिंबाभोवतीचा जाळ झोडपत राहिला, पोरांनी त्याला उचलून बाहेर आणेपर्यंत.

झाडं जळाली. आई, बाप, कांता, सगळी. मंडप तेवढा वाचला. जाळ मंडपाच्या कडेपर्यंत आला आणि ओल्या गोणपाटापाशी बसला. आत पाहुण्यांचे लाल सोफे, हारांचं ताट, पाण्याच्या बाटल्या, सगळं जागच्या जागी, आणि वरून फॉगर आपले उडतच होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला आलेले लोक म्हणत होते, सर, तुमचा प्रयोग मात्र खरा निघाला. थट्टा नव्हती ती, मनापासून म्हणत होते. उत्तमच्या नाकात नळी होती. ते गेल्यावर तो मला म्हणाला, "बघितलंस ना? वाचला ना मंडप?" आणि हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला, तो खोकला शेवटपर्यंत राहिला.

धुरानं छाती गेली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, मी त्याच्याकडं राहायला गेले. त्यानं ती शाल मागितली. एका बाजूनं जळालेली, उरलेली बरी होती. "खिडकीला लाव," म्हणाला. "दुसऱ्या कशाच्या कामाची न्हाई ती." पश्चिमेच्या खिडकीला मी ती खिळ्यांवर टांगली. दुपारी तिच्यावर तांब्या ओतायचा, मग येणारा वारा जरा सुखाचा लागायचा. त्याचं सगळं लक्ष मात्र लिंबाकडं. कडुलिंब सहजी मरत नाही म्हणायचा, वरून जळाला तरी बुडातून फुटतो, सगळ्यात आधी कांताचाच फुटेल. रोज उठल्याबरोबर विचारायचा, "फुटलं का?"

सरपंचांनी काय करावं? सरांना बरं वाटावं म्हणून, न सांगता, जेसीबी लावून सगळी जळकी खोडं मुळासकट उपटून काढली आणि माळ सपाट केला. नवी रोपं लावू, म्हणाले, शोभेची, एका रांगेत. मी जाऊन बघून आले. कुठं आई, कुठं कांता, काही कळत नव्हतं. परत आले तर उत्तम दाराकडं डोळे लावून. "फुटलं का?" मी म्हटलं, "अजून न्हाई." त्यात खोटं काय होतं? शेवटच्या सकाळीही त्यानं विचारलं, मी तेच सांगितलं आणि सदरे आणायला गाडी धरली.

त्याच्या जलदान विधीला ऊन मी म्हणत होतं. भंतेजी सूत्र म्हणत होते, मंडपात माणसं उकडत होती. सरपंच वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "आक्का, ते फॉगर घरीच हैत ना? पाहुणे येऊन राह्यले, जल्दी बसवून घेतो." मी पदर सावरून भंतेजींकडं तोंड फिरवलं. मग ते उठून पाठीमागं जाऊन बसले.

उत्तमला कांताजवळ जायचं होतं. आता कांताजवळ म्हणजे कुठं? सपाट मातीत कुठंही खड्डा घ्यायला माझं मन धजेना. पश्चिमेच्या खिडकीखाली मोठी कुंडी ठेवली आहे, त्याची राख तिच्यात आहे, वर मी रस्त्याकडेच्या लिंबाच्या पिकल्या लिंबोळ्या आणून पुरल्या आहेत. अंबडला परत जायचं अजून मनात येत नाही. दुपारी शालीवर तांब्या ओतते. वारा गार होऊन आत येतो, त्याला अजून जळका वास आहे. शालीचं पाणी थेंब थेंब कुंडीत पडतं. सकाळी उठल्याबरोबर मी तिथं जाऊन वाकून बघते, आणि त्याच्या रिकाम्या खाटेकडं तोंड करून सांगते, अजून न्हाई.