डुकरांच्या डॉक्टरीणबाई

इंगळे मॅडम शेडवर आल्या की आधी डुकरांशी बोलत, मग आमच्याशी. "काय वं, पोट भरलं का?" असं गाभण मादीला विचारून झालं की माझ्याकडे वळत. त्या अकोल्याहून एसटीनं येत. भातकुलीजवळच्या माझ्या वराहपालनात पाय ठेवणाऱ्या त्या पहिल्याच डॉक्टर. बाकीचे फाटकाबाहेरूनच औषध लिहून देत.

एका उन्हाळ्यात मला कावीळ झाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून 'हिपॅटायटिस ई' सांगितलं. माझी बायको कविता तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. फोनवर कळताच मॅडम आल्या आणि खाटेजवळ बसल्या.

"डुकराची कलेजी खाल्ली होती?"

"हो. निखाऱ्यावर भाजून."

"आतून गुलाबी होती?"

मी होकारार्थी मान हलवली.

"डुकराले या विषाणूनं काही होत नाई, राजाभाऊ. ते धडधाकट दिसते. पण कच्च्या कलेजीतून, घाणीतून माणसाले लागू शकते. खराब पाण्यातूनई लागते. तुमाले कुठून लागला, हे मी छातीठोक सांगत नाई. पण कवितानं शेडमंदी पाय ठेवाचा नाई. पोटुशा बाईच्या हे जिवावर बेतते."

"मंग डुकरांचं कोण करन?" कविता रडकुंडीला आली.

"मी हाय ना!"

त्यांनी खरंच रजा टाकली. कविता माहेरी गेली, आणि निवृत्तीला आलेल्या मॅडम गमबूट-हातमोजे चढवून शेड धुऊ लागल्या. विहिरीकडे वाहणारी नाली त्यांनी गडी लावून दुसरीकडे वळवली. गावातले चारजण "डुकरं हटवा" म्हणत आले, तेव्हा त्या झाडू घेऊनच सामोऱ्या गेल्या.

"डुकरं हटवून रोग हटत नाई, बाप्पा. पाणी उकळून प्या, हात धुवा, मटण पुरतं शिजवा. अन् काही विचारायचं असन तर आत या."

आत कोणी आलं नाही; पण ती मागणी घेऊनही परत कोणी आलं नाही.

तपासणीत आमच्या काही डुकरांत विषाणू निघाला. कविताचं रक्त मात्र स्वच्छ आलं. मी हळूहळू उठलो, आणि दिवस भरल्यावर आम्हाला मुलगी झाली.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला आल्या तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला भीती नव्हती वाटली?"

"वाटे तं! रोज गमबूट घालताना वाटे." "माही मोठी बहीण पोटुशी असताना काविळीतच गेली. तवा आमाले कोणी काई सांगतलंच नाई."

कवितानं उठून मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.