राजमहंमदनं आभाळातला धोंडा माघारी धाडला

राजमहंमद बारामतीचा. त्याच्या वडिलांचं पेठेत अत्तराचं आणि सुरम्याचं लहानसं दुकान होतं, आणि पोरानं त्या दुकानात निमूट बसावं एवढीच त्या माणसाची इच्छा होती. पण राजमहंमदचा आवाज दुकानात मावणारा नव्हता. "या, बसा" म्हटलं तरी गिऱ्हाईक दचकून दोन पावलं मागं सरायचं. शेवटी बापच म्हणाला, "बाळा, तू मोकळ्या रानात काहीतरी धंदा बघ." मग त्यानं एक तंबू घेतला, सिनेमाचं जुनं मशीन घेतलं, मेहुणा अल्लाबक्ष ह्याला इंजिनावर बसवलं, आणि सुगी संपली की पाऊस लागेपर्यंत बारामती-इंदापूरच्या गावोगाव सिनेमे दाखवत हिंडायचा. मी सांगतोय ते एकोणीसशे अठ्ठावनच्या उन्हाळ्याचं. तेव्हा तो चाळिशीचा असेल आणि मी नुकतं लग्न झालेला.

आमच्या कळसला तंबू पडला की संध्याकाळी भाकरी लवकर थापल्या जायच्या. तंबूत मधोमध सोल, म्हणजे जाड दोर, बांधलेला, डावीकडं बाया, उजवीकडं बाप्ये. सिनेमा हिंदी असला तर राजमहंमद मशीनपाशी गप्प असायचा. इंग्रजी असला की तो भोंगा हातात घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा आणि मशीन अल्लाबक्षकडं सोपवायचा. इंग्रजी त्याला किती येत होतं म्हणाल, तर येस, नो आणि दि एन्ड. शिकलेला माझ्यासारखाच, चौथी. पण माणसाच्या तोंडाकडं बघून त्याच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळायचं, आणि तोंडं काय, सगळ्या मुलखात सारखीच. साहेब मडमेशी बोलायला लागला की हा सांगायचा, "म्हणतोय, तुझ्या भावानं बैल परत केलं न्हाईत." लोक हसून लोळायचे. आणि ते दोघं तोंडाला तोंड लावायच्या बेतात आले की अल्लाबक्ष मशीनपुढं पंजा धरायचा, पडद्यावर अंधार, आणि राजमहंमदचा आवाज : "हितं बघण्यासारखं कायबी न्हाय, मंडळी. नवरा-बायकू घरचं बोलत्यात." बाया पदराआड हसायच्या. एकदा आमचा एक आजोबा ओरडला होता, "अरं, घरचं बोलणं किती लांबवतोस, कढी उतू जाईल की!" असो. तो किस्सा वेगळा.

त्या उन्हाळ्यात पुण्याहून एक इंग्रजी सिनेमा आला. दौंडपर्यंत मोठ्या गाडीनं, तिथून बारामतीच्या छोट्या गाडीनं, आणि पुढं राजमहंमदच्या खटाऱ्यातून. पत्र्याच्या पेट्यांवर काय लिहिलंय ते त्याला वाचता येईना, म्हणून त्यानं आपणच नाव ठेवलं, 'आभाळातला धोंडा'. सिनेमा त्यानंही आधी बघितलेला नव्हता. आमच्याबरोबरच बघायचा आणि बघता बघता सांगायचा, ही त्याची रीत.

"हे पांढऱ्या दाढीचं हायत ते आपलं तात्याबा," त्यानं सुरुवात केली. "दुर्बिणीतनं आभाळ राखत्यात. आपुन जुंधळा राखतो तसं. बघितलं... आरारारा! तात्याबांचं तोंड बघा! आभाळातनं धोंडा निघालाय, मंडळी. भुलेश्वराचा डोंगर घ्या, तसलं शंभर एकावर एक ठेवा, तेवढा!"

"राजूभाई, पडणार कुठं त्यो?" बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं.

"रोख तर इंदापूरच्याच अंगाला दिसतोय!"

हा त्याचा नेहमीचा मीठ-मसाला. चोराचा सिनेमा असला तर चोर भिगवणचा, राजा असला तर राजा मोरगावच्या बाजूचा. बाप्ये हसले. पण बायांच्या बाजूला कुणी हसलं नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आदल्याच वर्षी रशियानं आभाळात गोळा सोडलेला. आमच्या गुरुजींनी सगळ्या गावाला मळ्यात उभं करून वर बघायला लावलं होतं. वरचं काही खाली येऊ शकतं, यात खोटं वाटण्यासारखं काय होतं?

पडद्यावर धोंडा वाढत गेला. पिंपळपानाएवढा, मग परातीएवढा, मग अर्ध्या आभाळाएवढा. समुद्र गावात घुसला. लोक पोरंबाळं काखेत मारून डोंगराकडं धावायला लागले. एक बाई दारात थांबून चुलीतला विस्तव विझवत होती. राजमहंमद म्हणाला, "बघा, बाईमाणूस बघा. जग बुडायला लागलंय तरी घर पेटू नये म्हणून बघतीया." आणि इथं अल्लाबक्षनं पुढची, शेवटची पेटी उघडली.

पडद्यावर मारुती आला.

खरा मारुती! पुण्यात कुणीतरी पेट्या चढवताना घोटाळा केला होता. धोंड्याच्या शेवटाऐवजी कुठल्याशा पौराणिक सिनेमाचा शेवट आला होता. मारुतीराया हातावर डोंगर घेऊन आभाळातून चालले होते. राजमहंमदचा भोंगा तोंडाशीच राहिला. पण आमचे बाप्ये गप्प राहणार थोडेच! "आला! आला! मारुतीनं धोंडा झेलला!" असा एकच जल्लोष. टोप्या उडाल्या, कुणी नारळ आणायला पळालं. राजमहंमदनं भोंगा खाली ठेवला आणि पडद्याला हात जोडले. मला म्हणाला, "मारुतीरायानं माझी अब्रू राखली बघ."

पण सगळ्यांची समजूत पटली नव्हती.

माझा मित्र सोनबा, आमच्या शेजारचाच. त्याची बायको रंगूबाई बायांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती. तिला सातवा सरून आठवा लागला होता. आधी दोनदा तिची कूस रिकामी झालेली, दोन्ही वेळा दिवस भरत आल्यावर. त्यामुळं ह्या खेपेला सासू, भामाबाई, तिला पाण्याची घागरसुद्धा उचलू देत नव्हती. तंबूतून घरी जाताना भामाबाई म्हणाली, "चला, सुटलो बाई. देवानं झेलला."

रंगूबाई म्हणाली, "कुठं झेलला, आत्याबाई? धोंडा वर तसाच हाय. मारुती तर आणखी एक डोंगर घेऊन आला. आता दोन झालं."

आम्ही हसलो. ती हसली नाही. त्या रात्री ती जेवली नाही आणि सकाळीही जेवली नाही. भामाबाईनं ताट पुढं केलं तर ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला त्या धोंड्याचं काय झालं ते बघायचंय. जग ऱ्हातंय का न्हाय तेच कळंना. मग ह्याला बाहेर कशाला बोलवू?" आणि पोटावर हात ठेवून भिंतीकडं तोंड केलं.

आता आमच्याकडं डोहाळा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. गरवार बाईनं मागितलं ते द्यायचं. नाही दिलं तर पोराचा कान फुटतो, असं म्हाताऱ्या सांगायच्या. कुणाला चिंच, कुणाला भाजलेली माती, आमच्या चुलतीला तर इंदापूरच्या बाजारातली शिळी जिलेबी. सगळं मिळतं. पण सिनेमाचा शेवट कुठून आणायचा? आणि भामाबाईला कानाची भीती नव्हती. आधीच्या दोन्ही खेपांना रंगूबाईनं अशीच भिंतीकडं तोंड करून अन्न सोडलं होतं, हे तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

ती तडक तंबूवर गेली. सोनबा आणि मी मागं. तिथं खुंट्या उपटणं चाललं होतं. संध्याकाळी भवानीनगरला खेळ होता.

"भाई, शेवट दावा."

"मावशी, असता तर रातीच दावला नसता व्हय? पेटीच चुकली. पुण्याला तार करतो, आठ दिसांत येईल."

"आठ दिस ती उपाशी बसंल?" भामाबाईनं सगळं सांगितलं.

"मग तोंडानं सांग की तिला," अल्लाबक्ष राजमहंमदला म्हणाला. "वाचलं म्हणावं सगळं. तुला काय, सांगायचीच सवय हाय."

राजमहंमद सोनबाच्या घरी आला, उंबऱ्याबाहेर बसला आणि आतल्या अंधाराकडं तोंड करून म्हणाला, "रंगूबाई, पोरी, वाचलं बघ जग."

"तुमी बघितलं?"

आता इथं कुणीही हो म्हणून मोकळा झाला असता. मीही झालो असतो. राजमहंमद, जो साहेबाच्या तोंडी बैल घालायचा, तो म्हणाला, "न्हाय. म्याबी न्हाय बघितलं."

"मग?"

"मग काय. जरा थांब." आणि उठला.

बाहेर येऊन त्यानं अल्लाबक्षला सांगितलं, "तंबू ऱ्हाऊ दे. मशीन हितं आण."

सोनबाच्या घरात कडब्याची एक खोली होती, खिडकी नसलेली. कडबा बाहेर काढला, दारावर दोन घोंगड्या टाकल्या, समोरच्या भिंतीला सोनबाचं लग्नातलं धोतर ताणून बांधलं. दुपारी बाराचं ऊन, आणि खोलीत मिट्ट काळोख. खटारा अंगणात उभा करून इंजिन सुरू केलं तशी कोंबड्या आणि अर्धं गाव तिथं गोळा झालं. राजमहंमदनं मशीनचा पट्टा काढून टाकला. त्या जुन्या मशीनला हातानं फिरवायचा दांडा होता. रातची शेवटून दुसरी फीत त्यानं खालच्या चाकावर चढवली आणि टोक वरच्या चाकाला लावलं.

अल्लाबक्षनं कपाळाला हात लावला. "उलटं फिरवतोस? येडा झालास का? हळू पडलास तर दिव्याच्या आगीनं भोक पडंल, जोर केलास तर दातांत अडकून फीत फाटंल. मशीन गेलं तर खायचं काय? बाच्या दुकानात बसून अत्तर इकणार?"

"गिऱ्हाईक बसू देणार न्हाय," राजमहंमद म्हणाला. "तू वरचं चाक धर. वढू नगं, नुसतं गोळा करत ऱ्हा."

रंगूबाईला भिंतीशी गोधडीवर बसवलं. शेजारी भामाबाई. आम्ही दारापाशी. राजमहंमद म्हणाला, "पोरी, शेवट माझ्याकडं न्हाय. खोटं बोलत न्हाय. पण ह्यो धोंडा मी माघारी धाडून दावतो. माझ्या हातात हाय तेवढं करतो."

आणि त्यानं दांडा फिरवायला घेतला.

मी पुष्कळ सिनेमे बघितले, पुढं पुण्यात जाऊनही बघितले. पण त्या धोतरावर दिसलं तसं कुठं दिसलं नाही. आधी ती दारातली बाई. विझलेल्या चुलीतून तिनं पाणी वर ओढून घेतलं आणि विस्तव पुन्हा फुलला. मग डोंगरावरची माणसं पाठीमागं पाठीमागं चालत खाली उतरली, पोरांना काखेत घेऊन आपापल्या दारात शिरली, दारं लागली. समुद्रानं गावातून अंग काढून घेतलं. पडलेल्या भिंती उठून उभ्या राहिल्या. आणि अर्ध्या आभाळाएवढा धोंडा परातीएवढा झाला, मग पानाएवढा.

राजमहंमद काही बोलत नव्हता. बोलायला श्वास कुठं होता? दांडा एका चालीनं फिरवायचा, विहिरीवर मोट चालते तसा, आणि घाम डोळ्यात जाऊन पुसायला हात मोकळा नाही. मी पदराएवढं फडकं घेऊन त्याचं कपाळ पुसत होतो. सांगणारी आता रंगूबाईच झाली.

"आत्याबाई, बघा की! माणसं उलटी चालत घरी चालली."

"व्हय गं. असं का?"

"आभाळावर नजर ठिवून चालल्यात. पाठ कशी फिरवतील? पुन्हा आला तर!" ती गुडघ्यावर पुढं सरकली. "मीबी तशीच चालले असते."

धोंडा जुंधळ्याच्या दाण्याएवढा झाला, मग इतर चांदण्यांत मिसळला. कुठली चांदणी आणि कुठला धोंडा, ओळखू येईना. शेवटी पांढऱ्या दाढीचे तात्याबा दिसले. त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला, खुर्चीत बसले आणि कपातला चहा घेतला. म्हणजे कपात परत सोडला असेल, पण आम्हाला घेतल्यासारखाच दिसला.

फीत संपली. धोतरावर नुसता उजेड राहिला. राजमहंमद मशीनला टेकून उभा होता, तळहाताला फोड आलेले.

"भाई," रंगूबाई म्हणाली, "आणखी एकदा दावता?"

अल्लाबक्ष "या अल्ला" म्हणाला. राजमहंमद म्हणाला, "दावतो की. पण फीत पुन्हा गुंडाळस्तवर तू काय करणार बसून? तेवढ्यात जेव."

भामाबाई उठून पळतच चुलीकडं गेली. दुधात भाकरी कुस्करून आणली, वर गुळाचा खडा. रंगूबाई त्या काळोखात, पांढऱ्या धोतरासमोर बसून जेवली. अख्खी वाटी. फीत गुंडाळायला घटकाभरही लागत नाही, पण त्या दिवशी राजमहंमदनं ती फार सावकाश गुंडाळली. तिनं दुसरी वाटी मागितली तेव्हाच टोक चाकाला लावलं. भवानीनगरची मंडळी त्या संध्याकाळी पटांगणात बसून त्याच्या नावानं शंख करत घरी गेली.

दोन महिन्यांनी रंगूबाईला मुलगी झाली. ठणठणीत, आणि रडायला लागली की राजमहंमदच्या भोंग्यासारखी.

पुढच्या सुगीनंतर तंबू पुन्हा कळसला आला. राजमहंमद खटाऱ्यातून उतरला तो थेट सोनबाच्या अंगणात. काखेत पत्र्याची पेटी. "रंगूबाई, पुण्याला चार खेपा भांडलो, तवा खरा शेवट मिळाला. म्याबी अजून बघितला न्हाय. म्हटलं, पैला तुला दावावा. आज राती येतीस न्हवं?"

रंगूबाई पोरीला मांडीवर घेऊन तेल चोळत होती. तिनं पेटीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं.

"तुमी लोकांस्नी दावा, भाई," ती म्हणाली. "मी बघितलाय की."