सूरच्या खाडीवर सुटलेला मासा

मंडळी, दुपारी ओमानमधल्या सूरहून घरी आलो, तेव्हापासून आडवाच आहे. एका हाताने टाईप करतोय, चुका पोटात घाला.

पॅरालिसिसचा झटका येऊन आठ महिने झाले. डाव्या हातात अजून चमचाही राहत नाही. व्यायामाचा तर वीट आलाय. म्हणून पहाटे बायकोला, मेधाला म्हटलं, "माझा दोन हातांनी धरायचा मासेमारीचा फ्लाय रॉड घे. खाडीवर जाऊ." तिने गाडी काढली.

ओहोटीला खाडीचं पाणी नदीसारखं ओढतं. पिसांचं आमिष प्रवाहात आडवं टाकायचं आणि पाण्याबरोबर वळसा घेत जाऊ द्यायचं. पूर्वी मी हे तासन्‌तास करायचो. आज डावा हात दांड्यावर नुसता टेकवून, उजव्याच्या जोरावर पाच-सहा वेळा टाकलं आणि पाय थरथरायला लागले. शेजारचा म्हातारा ओमानी कोळी म्हणाला, "शुवय शुवय." सावकाश, सावकाश. मला मात्र घरी जायचं होतं.

"हे शेवटचं," मी मेधाला म्हटलं, आणि तेव्हाच मासा लागला. रॉड वाकला. मिनिटभर झटापट झाली, दोरी तुटली, मासा गेला. मी वाळूत बसलो आणि मला रडूच आलं.

मेधा रॉड घ्यायला वाकली, तर तो निघेना.

"अहो, सोडा ना," ती म्हणाली आणि माझ्या हाताकडे बघायला लागली.

माझी डावी मूठ घट्ट मिटलेली होती. तिने एकेक बोट सोडवलं.

डॉक्टर कदाचित नुसता पेटका म्हणतील. बोटं पुन्हा ढिली पडलीत, अंग ठणकतंय. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? अशा एका मिनिटावर तुम्ही किती दिवस काढलेत?