माझ्या खोलीतला टीव्ही

वलवणला पाऊस आडवा येतो, म्हणून मुलगा दर वर्षी पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिकचा कागद ठोकतो. यंदा कागद ठोकला आणि माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा टीव्ही बंद पडला. कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारी ट्यूनरची डबी मुलाने काढून परत लावली. एकही चॅनेल सापडेना.

"आई, डबी गेली. आता हॉलमध्ये बस सगळ्यांबरोबर."

"तुमच्या मालिका मला न्हाई बघायच्या. डबीचा दिवा लागतोय की."

छत्री घेऊन मी अँटेनाची तार बघत बाहेर गेले. ती पश्चिमेच्या भिंतीवर कागदाखाली गेली होती आणि कागद धरणाऱ्या पट्टीचा खिळा मुलाने तिच्यातूनच ठोकला होता.

"आता एवढ्या पावसात कागद काढू?"

"काढ. भिंत भिजंल, वाळंल. मी हॉलात बसणार न्हाई."

कागद काढून त्याने तार बदलली. बातम्या लागल्या. भिंतीला ओल आली आहे. येऊ दे.