पंजा चाटणाऱ्यांची ओपीडी

औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी छापलेली असते, किश्श्यांवर नसते. त्यामुळे बोळिंजला दवाखाना टाकल्यापासून माझ्याकडचा साठा वाढतच चाललाय. मी कुत्र्यामांजरांची डॉक्टर. आणि आपल्याकडची दमट हवा अशी, की निम्मी ओपीडी अंग खाजवणाऱ्यांची आणि पंजे चाटणाऱ्यांची. मैत्रिणी भेटल्या की विचारतात, "नवीन काय आलं?" मी म्हणते, कुत्रे तेच गं, त्यांना घेऊन येणारे एकेक नग असतात.

माझे कंपाउंडर पाटीलकाका. प्रत्येक कुत्र्याला मालकाच्या आडनावासकट हाक मारायची त्यांची पद्धत. "टायसन सावंत, आत या." एकदा त्यांनी "सिंबा म्हात्रे" असा पुकारा केला, तर म्हात्रे एकटेच आत आले.

"सिंबा गाडीत झोपलाय," ते म्हणाले. "मी आलो तर चालेल का?"

पाटीलकाकांनी शांतपणे विचारलं, "खाज तुम्हाला येते का?"

*

आता टायसन सावंत. धष्टपुष्ट लॅब्राडॉर, पंजे चाटून चाटून लालभडक. मला खाण्याच्या ॲलर्जीची शंका होती. म्हटलं, काही आठवडे मी दिलेलं खाणं सोडून याच्या तोंडात दुसरं काहीही जाता कामा नये. सगळ्या घराने माना डोलावल्या. टायसनचं चाटणं मात्र सुरूच.

शेवटी मी सावंत कुटुंबाला एकेक करून आत बोलावलं.

आजोबा म्हणाले, "मी बिस्कीट देतो, पण अर्धंच."

सूनबाई म्हणाल्या, "पहिल्या चपातीचा घास फक्त. तो पुण्याचा असतो डॉक्टर, खाण्यात धरायचा नाही."

नात म्हणाली, "माझी भाजी तोच संपवतो. आईला सांगू नका."

सगळ्यात शेवटी खुद्द सावंतसाहेब आले. दार नीट लावून घेतलं. "घरच्यांचं मला माहीत नाही, पण मी फार कडक आहे. घरात मी त्याला काही म्हणजे काही देत नाही."

"आणि घराबाहेर?"

"घराबाहेर चिकन लॉलीपॉप. पण ते रविवारचं."

*

नालासोपाऱ्याच्या पेडणेकरवहिनींचा चिकूही असाच पंजे चाटायचा. खाणं चोख, गोचीड नाही, पिसू नाही. मग मी विचारलं, फरशी कशाने पुसता? वहिनींचा चेहरा खुलला. सकाळी फिनाईल, दुपारी फिनाईल, आणि हल्ली चिकू पंजे चाटून फरशी ओली करतो म्हणून संध्याकाळी पुन्हा फिनाईल!

मी समजावलं, की फिनाईल पायाला लागतं, पाय चुरचुरतात, म्हणून तो चाटतो. महिनाभर नुसत्या पाण्याने पुसून बघा.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, चिकूकडे बघितलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, चिकूला मोजे मिळतात का हो?"

*

चाटणं थांबेना की आम्ही कुत्र्याच्या गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा अडकवतो. तोंड पंजापर्यंत पोचत नाही आणि जखम भरते. अर्नाळ्याच्या एका मच्छीमार काकांच्या कुत्र्याला असा भोंगा घालून दिला. पुढच्या वेळी कुत्रा आला तो मोकळ्या गळ्याने, आणि पंजा होता तसाच.

"काका, भोंगा कुठाय?"

"हाय ना बोटीवर," काका खुशीत म्हणाले. "लय कामाची वस्तू, बाई. डिझेल ओतताना एक थेंब सांडत नाय. अजून एक द्या, तो कुत्र्याला घालतो."

मी दिला. त्यापुढच्या खेपेला कुत्रा भोंग्यासकट आला आणि काकांनी मला पापलेटं आणून दिली, तेव्हा मी दोन्ही भोंग्यांचे पैसे बिलातून खोडून टाकले.

*

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा गिरीजच्या फिलोमिना आंटींचा.

आंटींचे मिस्टर गेलेले, मुलगी शेरॉन कॅनडात. वाडीतल्या घरात त्या आणि त्यांचा पांढरा रॉकी. आंटी माझ्याशी शाळेतल्यासारखी स्वच्छ मराठी बोलतात, रॉकीशी मात्र घरची बोली. त्यामुळे मी "बस" म्हटलं तर तो ढिम्म, आणि आंटी काहीतरी पुटपुटल्या की लगेच बसतो.

या रॉकीला दर डिसेंबरात खाज सुटायची. पोट लाल, पंजे चाटून सुजलेले. जानेवारी सरता सरता आपोआप बरा. मी थंडीला दोष दिला, नाताळच्या फराळाला दिला, एका वर्षी तर घराच्या नव्या रंगालाही दिला.

गेल्या डिसेंबरात आंटी आल्या त्या डोळे पुसतच. शेरॉन पहिल्यांदाच बाळाला घेऊन नाताळला येणार होती. व्हिडिओ कॉलवर तिने रॉकीला खाजवताना बघितलं आणि सांगून टाकलं, "मम्मी, बाळ रांगतं. हा कुत्रा असा घरात असेल तर आम्ही हॉटेलात उतरू." आंटींनी रॉकीला ठेवून घ्यायला विरारच्या बहिणीला विचारलंसुद्धा होतं.

"नातू पाहिजे की रॉकी, असं कुणी विचारतं का, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "वर्षभर त्या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारा हा एकटाच आहे."

मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. मी रॉकीला टेबलावर घेतला, टॉर्च लावला आणि केस न केस विंचरून बघितला. गोचीड नाही, पिसू नाही, बुरशी नाही. पण पोटावर काहीतरी चमकलं. चंदेरी चमकी. आणि कानामागे कापसाचा पुंजका.

"आंटी, हा नटूनथटून जातो कुठे?"

आंटींनी वाकून बघितलं. मग कपाळाला हात लावला. "गोठा!"

दर नाताळला त्या अंगणात येशूजन्माचा गोठा करतात. मातीच्या मूर्ती, कापसाचा बर्फ, वर चमकी आणि खाली भाताचा जाडजूड पेंढा. तो पेंढा जानेवारीपर्यंत तिथेच. "रोज सकाळी माझी मेंढरं आडवी पडलेली असतात," आंटी म्हणाल्या. "मी आपली मुंगसाला शिव्या घालते."

पेंढ्याची धूळ बाधत होती. मी गोळ्या दिल्या, पंजे रोज धुऊन कोरडे करायला सांगितलं आणि पेंढा आजच्या आज काढायला लावला.

"पेंढा काढू?" आंटी हादरल्या. "मग बाळ येशू निजेल कशावर?"

"ते तुम्ही बघा. पण पेंढा गेला तर रॉकी राहील."

नाताळच्या दिवशी आंटींनी जेवायला बोलावलं होतं. मी फाटक उघडलं तोच शेरॉन ओठांवर बोट ठेवून धावत आली. म्हटलं, झालं, आता माझी काही खैर नाही. तिने नुसतं गोठ्याकडे बोट दाखवलं.

पेंढा गेला होता. त्या जागी आंटींची जुनी, मऊ लुगडी घडी करून अंथरली होती. मेंढरं, मेंढपाळ, राजे सगळे एका कोपऱ्यात सरकवलेले. मधोमध रॉकी पाय पसरून झोपला होता, आणि त्याच्या पोटाची उशी करून, त्याचा कान मुठीत धरून आंटींचा नातू. आंटी शेजारीच पायरीवर बसल्या होत्या. बाळ येशूची मूर्ती त्यांच्या मांडीवर.

मी कुजबुजले, "रॉकीला जरा बाहेर घ्या, पंजे बघते."

शेरॉनने माझा हात घट्ट धरला. "प्लीज डॉक्टर, हात लावू नका त्याला. इंडियात आल्यापासून बाळ आज पहिल्यांदा झोपलंय."