वस्तादजींची बेचाळीस मुलं

जिनिंगमध्ये दिवसभर राबलेला माणूस घरी आला की त्याच्या केसांत, कानांत, भुवयांत कापूस असतो. तो काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आखाड्यातले किस्से तसेच. अमरावतीत मी सहा वर्षं लाठी फिरवली. लाठी केव्हाच विसरलो, किस्से मात्र अजून झटकले जात नाहीत. आमच्या आखाड्याचा नियम एकच: वस्तादजी म्हणतील ते खरं आणि अकोल्याचा आखाडा म्हणेल ते खोटं. मला हा नियम कधी पचला नाही, आणि मी ते लपवलंही नाही.

*

एका पावसाळ्यात वस्तादजींच्या गुडघ्याला मार बसला. ते डावा पाय ओढत लाठीचे हात दाखवू लागले. म्हणून आम्हीही ओढू लागलो. दोन महिन्यांत अख्खा आखाडा पाय ओढत पवित्रे घ्यायला लागला. एका पाहुण्याने कारण विचारलं, तर आमच्यातला एकजण छाती काढून म्हणाला, "ही आमच्या घराण्याची चाल आहे."

वस्तादजींनी ते ऐकलं. "काहून बे लंगडून राहिले तुमी? गुडघा तं माहा दुखते!"

पुढे गुडघा बरा झाला. ते सरळ पायांवर उभे राहिले तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "वस्तादजी, पाय चुकला."

*

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारला तेव्हा लाठीवाल्यांची धास्ती होती. एका सकाळी फौजदार वही घेऊन आला. स्वतःचं नाव सांगा, बापाचं नाव सांगा. रांगेत पहिला गुणवंता उभा होता, मूळचा तिवशाकडचा, शेतात राबणारा, आमच्यातला सगळ्यात चांगला लाठीवाला. त्याचे वडील लहानपणीच गेले होते आणि वस्तादजींनीच त्याला वाढवलं होतं, म्हणून त्याने बापाच्या जागी वस्तादजींचं नाव सांगितलं. मागच्याने ते ऐकलं आणि तेच सांगितलं. त्याच्या मागच्यानेही तेच. माझे वडील वकील, हा फौजदार त्यांना रोज कोर्टात नमस्कार करायचा. तरी मीही तेच सांगितलं. तेवढ्या एका दिवशी कळपात राहायला मला मजा आली.

फौजदाराने टाक खाली ठेवला. "बेचाळीस पोरं? एका माणसाची?"

वस्तादजींनी हात जोडले. "साहेब, मी तं ब्रह्मचारी आहो."

*

आमच्यातल्या एकाचं लग्न अकोल्यात ठरलं. नवरीचा भाऊ नेमका तिकडच्या आखाड्यातला निघाला, आणि पंगतीत वाढायला तो आणि त्याचे गुरुबंधू. आमची मंडळी पत्रावळीसमोर हात बांधून बसली. दुश्मनाच्या हातचं खायचं नाही! समोर वरणावरून तूप ओघळत होतं. मी जेवलो. भात चार वेळा घेतला.

परत आल्यावर मला शिक्षा झाली, पाचशे जोर. मी म्हटलं, "उद्या काढतो. आज पोट लय भरलं आहे." उपाशी आलेल्यांपैकी एकही हसला नाही.

*

मग तो हात. सरावात गुणवंताचा उजवा खांदा निखळला. वस्तादजींनी स्वतः ओढून बसवला, आंबेहळदीचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या. महिन्याने कामट्या सुटल्या, तर हात खांद्याच्या वर जाईना. लाठी गेलीच, पण शेतावर डोक्यावर भारासुद्धा चढवता येईना. पण हात वस्तादजींनी बसवलेला. सगळे म्हणायचे, "सुधरून राहिला."

मी चिडलो. "अरे, वर जात नाही त्याचा हात!"

उत्तर आलं, "वर काय ठेवलं आहे?"

त्या उत्तराचा मला अजून राग येतो. अकोल्याचे वस्ताद नामी हाडवैद्य होते, हे दोन्ही गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी गुणवंताला बडनेरा स्टेशनवर नेलं आणि त्याच्यासोबत अकोल्याच्या गाडीत बसलो. अकोल्याच्या वस्तादांनी खांदा चाचपला. "कोनं बसवला रे हा?"

"आपोआप बसला," गुणवंता म्हणाला.

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "इमानदार आहे पोट्टा. पन इमानानं खांदा बसत नसते." त्याने गुणवंताला महिनाभर ठेवून घेतलं, रोज तेल लावून स्वतः खांदा चोळला, आणि एक पैसाही घेतला नाही.

*

गुणवंता परतला त्याच दिवशी आखाड्यात सभा बसली. जो दुसऱ्या वस्तादाच्या दारात जाईल, त्याला आपलं दार बंद, असा तिथला कायदा. मी उभा राहिलो. "मीच नेलं त्याले. काढाचं तं मले काढा." मला जायला घर होतं, गुणवंताला आखाडा हेच घर. तो मागच्या रांगेत खाली बघत बसला होता.

शेवटी वस्तादजी म्हणाले, "ज्यायले गुनवंताले काढाचं आहे, त्यायनं हात वर करा."

एकेक करत सगळे हात वर गेले. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. वस्तादजींची नजर प्रत्येक हातावरून फिरत मागच्या रांगेपर्यंत आली आणि थांबली. गुणवंतानेही हात वर केला होता. उजवा. सरळ, कानाला लागून.

वस्तादजी उठले. पोरांमधून वाट काढत त्याच्यापाशी गेले. त्यांनी तो हात धरून खाली घेतला, पुन्हा वर नेला, परत खाली, परत वर.

मग मागे न बघता म्हणाले, "बाकीच्यायनं हात खाली घ्या."